विश्लेषण : थायरॉइडच्या फाइलवर नाव असणारे डॉ. ग्रेव्हज होते तरी कोण? ‘टीआरएबी’ चाचणी नेमके काय शोधते?

थायरॉइड म्हटले की बहुतेकांना वाढलेले वजन, सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी आणि दर काही महिन्यांनी करायची टीएसएच चाचणी आठवते. पण काही जणांच्या बाबतीत चित्र बरोबर उलटे असते. भूक वाढते, पण वजन उतरत जाते. ऐन थंडीत घाम फुटतो. चहाची कपबशी धरताना बोटे थरथरतात. रात्री कुशीवर झोपले की स्वतःच्या छातीतली धडधड उशीत ऐकू येते.

सातारा-सांगली पट्ट्यात अशा रुग्णाची वाट बहुधा ठरलेली असते. आधी गावातले डॉक्टर, मग कराड, सांगली किंवा मिरज. अनेकदा मधले काही महिने ‘टेन्शन घेऊ नका’ या सल्ल्यात जातात. रुग्ण बाई असेल तर हमखास. शेवटी रक्ताचा रिपोर्ट येतो. टीएसएच जवळपास शून्यावर, टी३ आणि टी४ वाढलेले, आणि खाली आणखी एक ओळ : टीआरएबी पॉझिटिव्ह. डॉक्टर फाइलवर लिहितात, ‘ग्रेव्हज डिसीज’.

नाव वाचूनच घरच्यांच्या पोटात गोळा येतो. इंग्रजीत ग्रेव्ह म्हणजे थडगे आणि ग्रेव्ह म्हणजे गंभीरही. प्रत्यक्षात या आजाराच्या नावाचा दोन्हींशी संबंध नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे. सुमारे १९० वर्षांपूर्वी आयर्लंडमधल्या डब्लिन शहरात एका डॉक्टरने काही स्त्रियांची धडधड नीट ऐकून घेतली, त्यांचा गळा पाहिला आणि दोन्हींची सांगड घातली. त्याला जे दिसले ते बरोबर होते, त्यामागचे कारण मात्र त्याला कळले नाही. ते कळायला आणखी १२१ वर्षे जावी लागली.

रॉबर्ट ग्रेव्हज कोण होते?

रॉबर्ट जेम्स ग्रेव्हज यांचा जन्म १७९६ मध्ये डब्लिनमध्ये झाला. वडील रिचर्ड ग्रेव्हज हे धर्मशास्त्राचे प्राध्यापक आणि चर्चमधले मोठे पदाधिकारी. घरात पुस्तके आणि भाषा यांचे वातावरण होते. रॉबर्ट यांनी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातून १८१८ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. पदवी हाती पडल्यावर लगेच पाटी लावून दवाखाना थाटणे त्यांना सहज शक्य होते. त्याऐवजी ते तीन वर्षे युरोपभर हिंडले. लंडन, ग्योटिंगेन, बर्लिन, कोपनहेगन, एडिंबरा अशा ठिकाणची रुग्णालये आणि तिथली शिकवण्याची पद्धत त्यांनी पाहिली.

या भटकंतीतले काही किस्से त्यांचे सहकारी आणि मित्र विल्यम स्टोक्स यांनी पुढे लिहून ठेवले. ग्रेव्हज यांचे जर्मन इतके अस्खलित होते की, ऑस्ट्रियात पासपोर्टशिवाय सापडलेला हा तरुण ब्रिटिश आहे यावर अधिकाऱ्यांचा विश्वासच बसेना. जर्मन हेर समजून त्यांना दहा दिवस कोठडीत ठेवले गेले. आल्प्सच्या प्रवासात त्यांची एका चित्रकाराशी गाठ पडली. दोघे बरेच दिवस बरोबर फिरले, एकाच देखाव्याची चित्रे काढत बसले, पण एकमेकांचे नाव विचारले नाही. तो चित्रकार म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेले, किंबहुना तेव्हाच प्रसिद्ध असलेले जे. एम. डब्ल्यू. टर्नर.

तिसरा किस्सा समुद्रावरचा आहे. भूमध्य समुद्रात वादळात सापडलेले जहाज टाकून खलाशी होडीतून निसटण्याच्या तयारीत होते. ग्रेव्हज स्वतः आजारी होते. त्यांनी उठून कुऱ्हाडीने ती होडीच फोडली, आणि जहाजातले पाणी उपसणारे पंप बंद पडले होते ते स्वतःच्या बुटांचे चामडे कापून दुरुस्त केले. जहाज वाचले. मित्राने लिहिलेल्या चरित्रात थोडीफार भर पडलेली असू शकते. पण पुढच्या ३० वर्षांत रुग्णालयात दिसलेला ग्रेव्हज यांचा स्वभाव याच्याशी जुळणारा आहे : पळायची वाट आधी बंद करायची, मग बिघाड शोधायचा.

रुग्णाच्या खाटेपाशी शाळा

१८२१ मध्ये ग्रेव्हज डब्लिनच्या मीथ हॉस्पिटलमध्ये रुजू झाले. हे रुग्णालय शहरातल्या गरीब वस्तीसाठी होते. त्या काळी इंग्रजी मुलखात वैद्यकाचे बरेच विद्यार्थी रुग्णाला हातही न लावता पदवी घेऊन बाहेर पडत. वरिष्ठ डॉक्टर वॉर्डातून फेरी मारत, काही निदाने लॅटिनमध्ये पुटपुटत, आणि मागच्या रांगेतल्या मुलांना ना रुग्ण दिसे ना निदान ऐकू येई.

ग्रेव्हज यांनी ही पद्धत मोडली. त्यांनी लॅटिन सोडून इंग्रजीत शिकवायला सुरुवात केली. वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना ठरावीक रुग्ण वाटून दिले. रुग्णाची हकीकत विचारायची, तपासायचे, नोंद ठेवायची, उपचार सुचवायचे, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर त्याचा जाब द्यायचा. जर्मनीत पाहिलेली ही रीत त्यांनी डब्लिनमध्ये रुजवली. नाडी अंदाजाने न मोजता घड्याळ लावून मोजावी, असा त्यांचा आग्रह होता. आज नर्सच्या हातातला नाडीचा तक्ता आपल्याला साधा वाटतो. तेव्हा तो तसा नव्हता.

पुढे विल्यम स्टोक्स याच रुग्णालयात आले. फ्रान्समध्ये १८१६ मध्ये निघालेल्या स्टेथोस्कोपवर त्यांनी विद्यार्थीदशा संपता संपताच, १८२५ मध्ये पुस्तक लिहिले होते. ग्रेव्हज आणि स्टोक्स या जोडीमुळे मीथ हॉस्पिटलचे नाव युरोप-अमेरिकेत पोहोचले.

हे आपल्या भागाला अगदीच परके नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केले आणि १८९७ मध्ये त्याला जोडून वैद्यकीय शाळा काढली. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. आज तिथल्या वॉर्डात खाटेभोवती उभे राहून रुग्णाची हकीकत सांगणारी मुले दिसतात. शिकवण्याची ही रीत ज्या मोजक्या रुग्णालयांतून इंग्रजी बोलणाऱ्या जगात पसरली, त्यांत मीथ हॉस्पिटल महत्त्वाचे होते.

तापाच्या रुग्णाला उपाशी का ठेवायचे?

ग्रेव्हज त्यांच्या हयातीत थायरॉइडसाठी नव्हे, तर तापाच्या उपचारांसाठी ओळखले जात. आयर्लंडमध्ये टायफसच्या साथी वारंवार येत. १८२२ मध्ये पश्चिमेकडच्या गॅलवे भागात अशीच साथ आली तेव्हा ते तिथे गेले होते. त्या काळचा उपचार म्हणजे रक्त काढणे, जुलाब देणे आणि उपाशी ठेवणे. ताप म्हणजे शरीरातली आग, आणि आगीला इंधन घालायचे नसते, हा त्यामागचा तर्क.

लंघन हा शब्द आपल्याकडेही घराघरात माहीत आहे. तापात भाकरी बंद, फक्त पेज, अशी पद्धत कालपरवापर्यंत होती. एक-दोन दिवसांच्या तापात त्याने फारसे बिघडत नाही. पण टायफसचा ताप दोन-तीन आठवडे चाले. आधीच अर्धपोटी असलेला मजूर इतके दिवस उपाशी राहिला तर तापाने नाही, भुकेने मरे. ग्रेव्हज यांचा प्रश्न साधा होता : धडधाकट माणूस इतके दिवस उपाशी ठेवला तर त्याचे काय होईल? मग आजारी माणसाचे काय होणार? त्यांनी तापाच्या रुग्णांना बेताने, पण नियमित खायला द्यायला सुरुवात केली.

रुग्ण वाचू लागले. आपण तापाच्या रुग्णांना खाऊ घातले एवढेच आपल्या थडग्यावर लिहावे, असे ते वॉर्डात गमतीने म्हणत असल्याची आठवण प्रसिद्ध आहे. आपले नाव एका ग्रंथीच्या आजाराला चिकटेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हते.

१८३५ मध्ये त्यांना काय दिसले?

मीथ हॉस्पिटलमधल्या एका व्याख्यानात ग्रेव्हज यांनी तीन स्त्रियांची हकीकत सांगितली. ते व्याख्यान १८३५ मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तिघींनाही दीर्घकाळ, जोराची धडधड होती. एकीच्या हृदयाचे ठोके तर खाटेपासून काही अंतरावर उभे राहूनही ऐकू येत. आणि तिघींच्या गळ्यापुढची थायरॉइड ग्रंथी सुजलेली होती.

गलगंड ही गोष्ट नवी नव्हती. डोंगराळ मुलखात, अन्नपाण्यात आयोडीन कमी असलेल्या भागात मोठाले गलगंड जगभर दिसत. पण ग्रेव्हज यांनी वेगळेपण टिपले. ही सूज नेहमीच्या गलगंडाएवढी मोठी होत नव्हती, आणि धडधड वाढली की तीही वाढे, धडधड ओसरली की कमी होई. म्हणजे गळा आणि हृदय यांच्यात काहीतरी धागा होता. त्याच व्याख्यानात एका तरुणीचे वर्णन आहे. तिचे डोळे इतके पुढे आले होते की झोपेतही पापण्या पूर्ण मिटत नसत. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग चारही बाजूंनी दिसे.

धडधड, गळ्याची सूज, पुढे आलेले डोळे. आजही या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की डॉक्टरांच्या मनात पहिले नाव ग्रेव्हजचेच येते. तेव्हा ना रक्तचाचणी होती, ना सोनोग्राफी. हॉर्मोन हा शब्दही जन्माला आला नव्हता. थायरॉइड ग्रंथी नेमके काय काम करते, हेही कोणाला ठाऊक नव्हते. साधने फक्त चार होती : डोळे, कान, बोटे आणि घड्याळ.

ग्रेव्हज कुठे चुकले?

कारणापाशी. त्या काळात बाईला धडधड, अस्वस्थता, गळ्यात गोळा आल्यासारखे वाटणे अशा तक्रारी असल्या की निदान ठरलेले असे : हिस्टेरिया. ग्रेव्हज यांनाही हा आजार हिस्टेरियाच्या जातीचा असावा असे वाटले. किंबहुना अशा स्त्रियांना गळ्यात गोळा जाणवतो, त्याचा थायरॉइडच्या सुजेशी संबंध असेल का, असा विचार त्यांनी मांडला.

चूक त्या काळाची होती आणि त्यांचीही होती. पण फरक असा की, हिस्टेरिया हे नाव सुचले म्हणून त्यांनी तपासणे थांबवले नाही. ठोके मोजले, गळा चाचपला, आठवडे-महिने फरक नोंदवला. निदान चुकले तरी नोंद खरी राहिली, आणि पुढच्यांच्या कामी आली ती नोंदच. आज टेन्शन या शब्दाखाली ज्या बाईची धडधड मोडीत काढली जाते, तिच्यासाठी ही गोष्ट जुनी झालेली नाही. हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कित्येक पटींनी जास्त आढळतो, आणि चिडचिड, झोप न लागणे, रडू येणे ही त्याची लक्षणे मानसिक ताणासारखीच दिसतात. फरक ओळखायला एक टीएसएच चाचणी पुरते.

नाव ग्रेव्हज यांचेच का?

खरे तर पहिला मान त्यांचा नाही. इंग्लंडमधल्या बाथ गावचे डॉक्टर केलेब पॅरी यांनी असा पहिला रुग्ण १७८६ मध्येच पाहिला होता. पण त्यांचे लेखन त्यांच्या मृत्यूनंतर, १८२५ मध्ये छापले गेले आणि मागे पडले. इटलीतही अशी एक नोंद आधी झाली होती. जर्मनीत मर्सेबुर्ग गावच्या कार्ल फॉन बासेडो यांनी १८४० मध्ये डोळे, गळा आणि धडधड ही त्रयी नीटसपणे मांडली. त्यामुळे युरोपात अनेक ठिकाणी हा आजार आजही बासेडोच्या नावाने ओळखला जातो.

ग्रेव्हज यांचे नाव टिकले त्यात पॅरिसचे मोठे डॉक्टर आर्मां त्रुसो यांचा वाटा आहे. ग्रेव्हज यांची व्याख्याने १८४३ मध्ये पुस्तकरूपाने आली, १८४८ मध्ये त्यांची दुसरी आवृत्ती निघाली. त्रुसो त्या पुस्तकाचे भक्त होते. त्याच्या फ्रेंच भाषांतराला त्यांनी प्रस्तावना लिहिली आणि या आजाराला ग्रेव्हज यांचे नाव द्यावे असा आग्रह धरला. इंग्रजीत वैद्यक शिकलेल्या देशांत, म्हणजे आपल्याकडेही, हेच नाव रुळले.

दुष्काळ, पाच शिलिंग आणि अखेर

ग्रेव्हज यांचे घरचे आयुष्य सुखाचे नव्हते. पहिल्या दोन्ही पत्नी लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारल्या. तिसऱ्या लग्नानंतर संसार स्थिरावला. १८४३ आणि १८४४ मध्ये ते आयर्लंडच्या फिजिशियन्स कॉलेजचे अध्यक्ष झाले. १८४९ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले.

मधल्या वर्षांत आयर्लंडवर बटाट्याच्या रोगामुळे महादुष्काळ कोसळला. १८४५ पासून सुरू झालेल्या या संकटात सुमारे दहा लाख माणसे मेली, आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. भुकेमागून टायफस आला. तापाच्या तात्पुरत्या रुग्णालयांत काम करणाऱ्या डॉक्टरांना त्याची लागण होई, आणि त्यांतले अनेक दगावत. अशा कामासाठी सरकारी आरोग्य मंडळाने दिवसाला पाच शिलिंग भत्ता ठरवला. ग्रेव्हज यांनी त्याविरुद्ध जाहीर लिहिले. जीव धोक्यात घालणाऱ्याच्या कामाची किंमत इतकी कमी लावणे हा त्यांना वैद्यकीय पेशाचा अपमान वाटला. ते स्वतः तोवर नामांकित होते, त्यांना त्या भत्त्याची गरज नव्हती. भांडण खेड्यापाड्यांतल्या तरुण डॉक्टरांसाठी होते.

२० मार्च १८५३ रोजी यकृताच्या विकाराने ग्रेव्हज यांचे डब्लिनमध्ये निधन झाले. वयाला ५७ वर्षे पूर्ण व्हायला काहीच दिवस बाकी होते. डब्लिनच्या फिजिशियन्स कॉलेजात त्यांचा पुतळा आहे.

खरे कारण कधी सापडले?

ग्रेव्हज गेल्यावर अनेक वर्षे हा आजार हृदयाचा की मज्जातंतूंचा यावर वाद चालला. १८८६ मध्ये जर्मनीच्या पॉल म्यॉबियस यांनी दोष थायरॉइडचाच आहे, ती जादा काम करते, असे मांडले. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांना थायरॉइडवरच्या कामासाठी १९०९ मध्ये नोबेल मिळाले. १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी थायरॉक्सिन हे थायरॉइडचे हॉर्मोन वेगळे काढले. पुढे पिट्युटरी ग्रंथीतून येणारे टीएसएच थायरॉइडला काम करायला लावते, हे समजले. तेव्हा तर्क निघाला की या रुग्णांत टीएसएच वाढत असणार. मोजू लागल्यावर गणित जमेना.

१९५६ मध्ये न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात डंकन अ‍ॅडम्स आणि हर्बर्ट पर्व्हस यांनी या रुग्णांच्या रक्तातला द्रव गिनी पिगना टोचला. त्या प्राण्यांच्या थायरॉइडमध्ये आधी किरणोत्सारी आयोडीन साठवलेले होते, म्हणजे ग्रंथी कधी आणि किती हॉर्मोन सोडते हे मोजता यावे. टीएसएच टोचले तर परिणाम काही तासांत शिगेला पोहोचून ओसरे. रुग्णाच्या रक्ताचा परिणाम मात्र उशिरा चढे आणि बराच वेळ टिके. म्हणजे रक्तात टीएसएच नसलेले, पण टीएसएचसारखे वागणारे काहीतरी होते. पुढच्या दशकात ते काहीतरी म्हणजे अँटिबॉडी आहे, हे सिद्ध झाले. १९८९ मध्ये ही अँटिबॉडी जिथे जाऊन बसते त्या टीएसएच रिसेप्टरचा जनुकीय आराखडाही हाती आला.

हा शोध धक्कादायक होता. अँटिबॉडी म्हणजे जंतूंशी लढणारे प्रतिपिंड. शरीर स्वतःवर हत्यार उचलत नाही, असा समज तेव्हा पक्का होता. त्याच १९५६ मध्ये लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक आणि सहकाऱ्यांनी थायरॉइडच्या दुसऱ्या एका विकारात, हाशिमोटो आजारात, थायरॉइडविरुद्ध अँटिबॉडी दाखवून दिल्या. ऑटोइम्यून विकारांचे आजचे शास्त्र उभे राहिले त्यात थायरॉइडचा वाटा मोठा आहे.

ही अँटिबॉडी नेमके काय करते?

विहिरीवरची मोटार डोळ्यांसमोर आणा. शेतकरी स्टार्टरचे हिरवे बटण दाबतो, पाणी येते. रान भिजले की तो बटणावरून हात काढतो, मोटार थांबते. थायरॉइड ही मोटार. पिट्युटरी हा शेतकरी. टीएसएच म्हणजे बटण दाबणारे बोट, आणि थायरॉइडच्या पेशीवरचा रिसेप्टर म्हणजे बटण. रानातले पाणी म्हणजे टी३ आणि टी४.

ग्रेव्हज आजारात कोणीतरी बटणात काडी खोचून ठेवतो. शेतकरी बघतो की रान तुंबले, तो हात कधीच काढून घेतो. म्हणून रिपोर्टमध्ये टीएसएच तळाला गेलेले दिसते. पण मोटार थांबत नाही, कारण काडी बटणातच आहे. ती काडी म्हणजे टीएसएच रिसेप्टरवरची अँटिबॉडी. टीआरएबी चाचणी तिचाच शोध घेते.

यात तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात. काही रुग्णांत अँटिबॉडी बटण दाबत नाही, उलट ते अडवून धरते. मग मोटार सुरूच होत नाही आणि थायरॉइड मंदावते. हाशिमोटो आजारात हल्ला मोटारीवरच होतो आणि ती हळूहळू निकामी होते. आपल्याकडे रोज थायरॉइडची गोळी घेणाऱ्या अनेकांना हाच आजार असतो. तिसरा प्रकार म्हणजे टाकी फुटणे. बाळंतपणानंतर किंवा काही संसर्गांनंतर ग्रंथीला सूज येते आणि आधी साठलेले हॉर्मोन रक्तात सांडते. रिपोर्ट ग्रेव्हजसारखाच दिसतो, पण मोटार जादा चालत नसते. इथे मोटार बंद करणारी औषधे उपयोगाची नसतात. म्हणून फक्त टीएसएच कमी आले म्हणून गोळ्या सुरू करण्याऐवजी डॉक्टर टीआरएबी किंवा थायरॉइड स्कॅन सांगतात.

डोळे आणि गर्भ यांचा काय संबंध?

टीएसएच रिसेप्टर फक्त थायरॉइडवर नसतो, डोळ्यांच्या खोबणीतल्या पेशींवरही असतो. तिथे अँटिबॉडी पोहोचली की आतली ऊती सुजते आणि डोळा पुढे ढकलला जातो. ग्रेव्हज यांना दिसलेली न मिटणारी पापणी ही अशी. धूम्रपानाने डोळ्यांचा हा त्रास वाढतो, हे ठामपणे सिद्ध झाले आहे.

गर्भारपणातली गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ही अँटिबॉडी वार ओलांडून बाळापर्यंत जाऊ शकते आणि बाळाच्या थायरॉइडचे बटणही दाबू शकते. पूर्वी ऑपरेशनने थायरॉइड काढून टाकलेल्या किंवा किरणोत्सारी आयोडीन घेतलेल्या बाईच्या रक्तातही अँटिबॉडी उरलेली असू शकते. तिला स्वतःला काही त्रास नसतो, ती रोजची गोळी घेत असते, म्हणून जुना ग्रेव्हज आजार सांगायचा राहून जातो. नाव नोंदवायला गेल्यावर पहिल्याच भेटीत हे सांगायला हवे. आजार सुरू असेल तर गर्भारपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत औषधही बदलावे लागू शकते, म्हणून मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांशी बोलावे.

उपचार काय आहेत?

रस्ते तीन आहेत. पहिला कार्बिमाझोलसारख्या गोळ्यांचा. त्या साधारण १२ ते १८ महिने घ्याव्या लागतात. काहींचा आजार त्यानंतर शांत होतो, काहींचा परत येतो. दुसरा किरणोत्सारी आयोडीनचा. १९४१ मध्ये अमेरिकेत बोस्टनमध्ये सॉल हर्ट्झ यांनी तो पहिल्यांदा वापरला. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून थायरॉइडच्या रुग्णांसाठी ओळखले जाते. आता ही सोय इतर मोठ्या शहरांतही आहे. तिसरा ऑपरेशनचा. दुसऱ्या आणि तिसऱ्या उपचारानंतर बहुतेकांची थायरॉइड मंदावते आणि रोजची गोळी कायमची लागते.

दोन गोष्टी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवण्यासारख्या आहेत. कार्बिमाझोल सुरू असताना ताप आला किंवा घसा जोरात दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्यात. क्वचित काही रुग्णांत या औषधाने त्या धोकादायक पातळीपर्यंत उतरतात. दुसरी गोष्ट केसांच्या गोळ्यांची. केस गळतात म्हणून अनेक जण बायोटिन घेतात. त्याचा मोठा डोस काही लॅब चाचण्यांना फसवतो आणि निरोगी माणसाचा रिपोर्टही हुबेहूब ग्रेव्हजसारखा येऊ शकतो, अगदी टीआरएबी पॉझिटिव्हसुद्धा. अशी गोळी चालू असेल तर रक्त देण्यापूर्वी लॅबला आणि डॉक्टरांना सांगावे.

मग ग्रेव्हज यांच्याकडून आज काय घ्यायचे?

त्यांनी दिलेले कारण इतिहासजमा झाले. अँटिबॉडी हा शब्दही त्यांच्या कानावर पडला नव्हता. टिकली ती त्यांची सवय : नाडी घड्याळ लावून मोजणे, गळ्याला हात लावून पाहणे, आणि बाईची तक्रार खरी मानून लिहून घेणे. महिनोन्‌महिने धडधड, थरथर आणि उतरणारे वजन अंगावर काढणाऱ्या प्रत्येकीसाठी मिरज-सांगलीतल्या कोणत्याही दवाखान्यात आजही उपचाराची सुरुवात तिथूनच होते. टीआरएबीचा रिपोर्ट त्यानंतर येतो.

(ही माहिती सर्वसाधारण स्वरूपाची आहे. औषध सुरू किंवा बंद करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.)